पखवाजाची कणीक

ती. आई,
मिरजेहून तुझ्या माऊलीचा वाकून नमस्कार.

मला वाद्यांच्या कारखान्यात काम मिळालं. पयल्या दिवशी मालकांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायला सांगितली. वाजवून झाल्यावर म्या ती काढली आन् चूल कुठं हाय, म्हणून इचारलं. सगळे हसले. मालक म्हणले, "भजनी घरातलं पोर दिसतंय. ऱ्हा हितंच."

आपल्याकडं रोज नाचणीची भाकर, गहू तेवढा पखवाजापुरता. भजनात दादांचा पखवाज वाजून झाला की तू ती कणीक चुलीत भाजून मला द्यायचीस. तिची चव हितल्या चपातीला न्हाई.

माझी काळजी करू नगं. दादांचा लुळा पडलेला हात आता उचलतोय का? खरं कळव.

दिवाळीला येतो. पखवाज मी वाजवीन. कणीक भाजून दादांना दे.

तुझाच,
माऊली