होणाऱ्या व्याह्यांची तंबाखू

परभणी,
गुरुवार, ९ जानेवारी

तीर्थस्वरूप दाजींच्या सेवेशी,

काशीनाथचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण सध्या वाकलं की खोकला येतो, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा. आपला गुडघा कसा आहे? अक्काने सुरू केलेल्या निर्गुडीच्या लेपाने आराम पडला असेल. (आपण तो लेप लावत नाही आणि वाटी गोठ्यामागे उपडी करता, हे मला ठाऊक आहे. अक्काला अजून ठाऊक नाही.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझ्या जिभेला दोन फोड आहेत, सौ. प्रमोदिनी आठवडाभर माझ्याशी बोलत नाही, आणि अबोली बोलते ते न बोललेलं बरं. फोन सोडून पत्र का, असं आपल्याला वाटेल. आपल्याला फोनवर कमी ऐकू येतं म्हणून अक्का तो स्पीकरवर टाकते, आणि मग माझी अब्रू अर्धं सेलू ऐकतं. ही गोष्ट तशी ऐकवण्यासारखी नाही.

आपल्याला एवढं माहीत आहे की अबोलीसाठी पुण्याचं स्थळ आहे. स्थळ म्हणायचं ते आपलं आपल्या समाधानासाठी. ती कृषी विद्यापीठात नोकरीला; तिथल्या कापसाच्या कुठल्याशा प्रशिक्षणात तिची आणि नचिकेतची ओळख झाली, दोघांनी आपसात ठरवलं, आणि मग आम्हाला पाटावर बसायला बोलावलं. मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला नावं ठेवायचा मी दोनदा प्रयत्न केला, सापडलं नाही. अडचण त्याच्या वडिलांची आहे. नागनाथराव चहाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. बायको वारल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. शाईच्या पेनाने पत्रं लिहितात, फोनवर महत्त्वाचं बोलणं त्यांना असभ्य वाटतं, आणि पाइप ओढतात. दिवाळीनंतर ते आमच्याकडे येऊन गेले. पोहे झाले, चहा झाला, आणि खिशातून पाइप काढून त्यांनी अंगणात जाण्याची परवानगी मागितली. इथवर सगळं ठीक होतं. पण उठता उठता त्यांची नजर आमच्या शोकेसमधल्या पाइपवर गेली.

तो पाइप आपल्या ओळखीचा आहे. जिल्हा परिषदेच्या स्नेहसंमेलनात मी कलेक्टरची भूमिका केली होती, तेव्हा सुताराकडून करून घेतलेला. (आपण पहिल्या रांगेत होता आणि दुसऱ्या अंकात झोपला होता.) नागनाथरावांनी विचारलं, आपणही ओढता का. एवढ्या साध्या प्रश्नाला नाही म्हणायला काय हरकत होती? पस्तीस वर्षं शिक्षण विभागात कारकुनी केली, हजारो अर्जांना नाही म्हणालो. आणि ऐन वेळी माझ्या तोंडून हो गेलं. नुसतं हो जाऊन थांबलं असतं तरी भागलं असतं. मी वर म्हणालो, फक्त इंग्लिश पद्धतीची तंबाखू, बाकीची आपल्याला चालत नाही. इंग्लिश पद्धतीची म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि ते विसरण्यासाठी मी काहीही द्यायला तयार आहे.

पंधरा दिवसांपूर्वी कुरिअरने एक पत्र्याची डबी आली. सोबत पत्र. पुण्यात पाइप ओढणाऱ्या सद्‌गृहस्थांचं एक मंडळ आहे म्हणे. ते दर हिवाळ्यात एक मिश्रण स्वतः तयार करतात आणि बाहेरच्या एका जाणकाराकडे परीक्षणाला पाठवतात. यंदाचे जाणकार आपले काशीनाथराव. मिश्रणात तीन पानं होती, त्यातलं एक सायप्रसकडचं, लाकडाच्या धुरावर वाळवलेलं, लटाकिया नावाचं. परीक्षणासाठी चार रकाने आखून दिलेले होते: कोरडा वास, पहिले झुरके, शेवटचे झुरके, आणि ओढून झाल्यावर खोलीत राहणारा वास. (रकाने पाहून मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो.) खाली त्यांनी लिहिलं होतं की माणूस तंबाखूविषयी काय लिहितो त्यावरून त्यांना माणूस कळतो, आणि आपलं परीक्षण वाचून झालं की साखरपुड्याच्या तारखेचं बोलू. पोरीचं लग्न माझ्या चार रकान्यांवर येऊन टेकलं होतं.

डबी उघडली ती दुपारी, सौ. प्रमोदिनी पडली होती तेव्हा. पाच मिनिटांत ती धावत आली आणि तिने मेन स्विच बंद केला. वायर जळते आहे अशी तिची खात्री झाली होती. मी काही बोलेपर्यंत तिने कॉलनीतल्या वायरमनला, बुद्धभूषणला, फोन केलेला. त्याने बिचाऱ्याने बोर्ड उघडले, पंखे उतरवले, गीझर तपासला, आणि शेवटी नाक पुढे करून शोकेसपाशी येऊन थांबला. वायरिंग चांगलं हाय साहेब, म्हणाला, वास ह्या डबीतून यायलाय. त्या दिवशी सौ. प्रमोदिनीला सगळं सांगावं लागलं. डबी अंगणात जांभळाखाली गेली, आणि परीक्षकही तिथेच गेला. पहिला रकाना मी भरला: कोरडा वास, जळक्या वायरीचा.

आता ओढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की पाइपला भोकच नाही. नाटकातल्या पाइपला भोक कशाला लागतं? सुताराकडे नेऊन ड्रिल मारून घेतलं. त्याने विचारलं, टांगायचाय का. मी हो म्हणालो. (हल्ली माझ्या तोंडून हो फार जातं.) मग जांभळाखाली बसून तंबाखू ठासली, काडी लावली, विझली. दुसरी लावली, विझली. सैल भरली तर नुसतीच भडकते, घट्ट भरली तर ओढता ओढता गालफडं बसतात. एकवीस काड्या गेल्या, आणि बाविसाव्या काडीला जो धूर आला तो मी, माहीत नसल्यामुळे, सरळ छातीत घेतला. नंतर कळलं की पाइपचा धूर तोंडातच ठेवायचा असतो. ही गोष्ट त्या चार रकान्यांच्या वर मोठ्या अक्षरात छापायला नको होती का? सुताराचं पॉलिश वितळून तोंडात आलं, जीभ भाजली, आणि खोकल्याने मी असा काही वाकलो की शेजारच्या काकू तांब्या घेऊन आल्या. दुसरा रकाना कोराच राहिला.

तेव्हा मला किशनराव गुरुजींची आठवण झाली. आपण त्यांना ओळखता, झरीच्या शाळेतून निवृत्त झालेले. तंबाखूतलं त्यांच्याइतकं कळणारा माणूस तालुक्यात नाही. नुसती चिमूट नाकाशी नेऊन पान कुठलं आणि कोणत्या तोडणीचं ते सांगतात. मी डबी घेऊन झरीला गेलो. हेतू एवढाच की त्यांनी वास घ्यावा, दोन शब्द सांगावेत, ते मी माझे म्हणून लिहावेत. पण गुरुजींच्या हातात तंबाखू देणं आणि वास घ्या म्हणणं यात किती अंतर आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी पाइप पिशवीतून काढेपर्यंत त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, नखाने चुना लावला, शांतपणे मळली, दोन टाळ्या देऊन भुकटी उडवली आणि ओठात धरली. मग डोळे मिटून बसले. अंगणातली चार मंडळी उठून जवळ आली, त्यांनीही एकेक चिमूट घेतली. मी ओरडणार होतो, पण जाणकार माणसाचा निकाल येत होता. गुरुजींनी पिचकारी टाकली आणि म्हणाले,

"काशीनाथराव, हिला कुनीतरी आधीच वढून ठिवलंय."

बाकीच्यांचंही मत पडलं. एकाला तिच्यात पावसात भिजलेली चप्पल लागली, एकाला गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर. मी ते सगळं मुकाट्याने कागदावर टिपून घेतलं. एवढ्यावर उठलो असतो तरी निम्मी डबी शिल्लक होती. पण गुरुजींनी जेवायला थांबवलं, आणि डबी ओसरीवर राहिली. गुरुजींच्या आई सुलाबाई, वय पंच्याऐंशी, तोंडात सगळे दात शाबूत, त्यांनी ती पाहिली. लेकाने आपल्यासाठी परभणीहून मिसरीची तंबाखू मागवली, असं त्यांनी धरलं. आम्ही भाकरी मोडत होतो तेव्हा त्यांनी सगळी डबी तव्यावर रिकामी केली, काळी होईस्तोवर भाजली, बत्त्याने कुटली, आणि बोटाने दातांना लावत बाहेर आल्या. सबंध घरात धूर. मी हात धुवायचा विसरलो. सुलाबाई म्हणाल्या, तंबाखू म्हनून काय कामाची न्हाई, पन मिसरी म्हनून लय चांगली, अजून असंल तर आन. मी त्यांच्या पाया पडलो आणि तेही त्याच कागदावर टिपून घेतलं. ज्या मिश्रणासाठी मंडळातल्या सद्‌गृहस्थांनी वर्ष घातलं, ते झरीत दात घासण्याच्या कामी आलं.

घरी आलो तो रिकामी डबी घेऊन. मग जे कोणीही केलं असतं ते मी केलं. इंटरनेटवर गोऱ्या लोकांची परीक्षणं असतात, ती जमवली. त्यांच्या तोंडात काय काय लागतं! मनुके, जुन्या ग्रंथालयाचं कातडं, पावसानंतरचं जंगल. मी सगळं थोडं थोडं घेतलं, चार रकाने भरले, आणि अबोलीकडे सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवायला दिलं. तिने वाचलं, झरीच्या टिपणाचा कागदही वाचला (तो मी चुकून आत ठेवला होता), आणि मला विचारून विचारून सगळं काढून घेतलं. रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती दमल्यासारखी खाली बसली.

"बाबा, मला त्या घरात जन्म काढायचाय," ती म्हणाली. "रोज तुमचा पाइप कुठं कुठं सांभाळत बसू?"

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की परीक्षण गेलं. माझं नव्हे. तिने झरीचा कागद जसाच्या तसा उतरवला, चप्पल, चुलवण, मिसरी, सगळं, आणि खाली लिहिलं की माझे बाबा पाइप ओढत नाहीत, नाटकात कलेक्टर झाले होते. सही तिची. तेव्हापासून सौ. प्रमोदिनी बोलत नाही. तिचं म्हणणं, बापाच्या बढाईपायी पोरीचं ठरलेलं मोडलं. मलाही तेच वाटतं, आणि रात्री ते जास्त वाटतं.

थोरांनी सांभाळून घ्यावं, लहानांनी चुकत राहावं, हे चालत आलेलं आहे. अक्काला नमस्कार.

आपला,
काशीनाथ

ता. क. — खरं ते लिहायचं राहिलं. आज सकाळी पुण्याहून नागनाथरावांचं पाकीट आलं आहे. शाईच्या अक्षरातलं. चार तास झाले, ते टेबलावर आहे आणि मी त्याच्यासमोर. माझ्याने उघडवत नाही. आपण घरातले वडील आहात. शनिवारी सकाळच्या गाडीने यावं, पाकीट आपल्या हाताने उघडावं, आणि काय असेल ते मला हळूहळू सांगावं.

ता. क. दुसरा — येऊ नये. अबोली जेवायला आली, तिने पाकीट उघडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत होतो. तिने मोठ्याने वाचलं ते असं: "काशीनाथराव, परीक्षण मंडळात वाचलं. कुणीतरी आधीच ओढून ठेवली आहे, हे लटाकियाचं इतकं अचूक वर्णन आम्हाला अठ्ठावीस वर्षांत जमलं नाही. आपण परीक्षक नाही हे समजलं. आपल्या मुलीच्या रूपाने आमच्या घरात खरं बोलणारं माणूस येईल, याचा आनंद फार मोठा आहे. रविवारी येतो, तारीख ठरवू." सौ. प्रमोदिनी रडली आणि मग माझ्याशी बोलली. काय बोलली ते लिहीत नाही. अबोली माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, आता तरी असं करू नका. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणालो. मनापासून म्हणालो, दाजी.

ता. क. तिसरा, अत्यंत खाजगी — तासाभराने नागनाथरावांचा फोन आला. (ते फोनही करतात.) किती माणसं येणार वगैरे झालं, आणि सहज विचारलं, तुमच्याकडे या दिवसांत हुरडा होतो ना? मी म्हणालो, होतो म्हणजे, आमच्या स्वतःच्या शेतावरच होतो. आता आपल्यापासून काय लपवायचं, माझ्या नावावर कुंडीभर माती नाही. तेव्हा विनंती अशी की सेलूजवळचं आपलं शेत रविवारपुरतं माझं असावं. हुरडा, शेंगाची चटणी आणि गूळ आपल्याकडून. पाहुण्यांसमोर मला मालक म्हणायची गरज नाही, पण मी बांधावर उभा राहून हात दाखवीन तेव्हा आपण मध्ये बोलू नये. अबोली उद्या विद्यापीठाच्या कामाला सेलूला येते आहे, तिच्याच हाती पत्र देतो. पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलं आहे.

(पाकिटाच्या पाठीवर, निळ्या बॉलपेनने)

आतोबा, बाबा डिंक शोधायला गेले तेव्हा पत्र टेबलावरच होतं. शेत द्या, हुरडा द्या, त्यांना बांधावर उभंही राहू द्या. शेत तुमचं आहे हे मी नचिकेतच्या बाबांना कळवलंय. ते म्हणाले, रविवारी काशीनाथरावांना शेताबद्दल भरपूर प्रश्न विचारणार आहेत. — अबोली