अगरबत्तीचा धूर कुठे जातो

कोपरखैरणे,
९ जानेवारी २०२५

ती. हौसेमामांस,
शि. सा. न. वि. वि.

वरच्या मजल्यावरच्या तेजश्रीने तिच्या गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. बोट राखाडी. कठड्यावर वाळत घातलेली तिची पांढरी ओढणीही तशीच. तिने विचारलं की खालून येणारा हा माल तुझाच ना. मामा, वर्षभर जिच्याशी बोलायला कारण शोधत होतो ती स्वतःहून बोलली, आणि माझं डोकं सटकलं. मी म्हणालो की सगळ्या नवी मुंबईची धूळ काय मीच बनवतो, समोरचा रस्ता खोदलाय तो दिसत नाही का. ती ओढणी उचलून आत गेली.

माल कसला ते आईने कळवलं असेलच. कॉलेज सोडल्यावर घरामागच्या खोलीत सँडब्लास्टिंगची पेटी बसवली. काचेतून बघायचं, पेटीला जोडलेल्या मोज्यांत हात घालायचे आणि कंप्रेसरच्या हवेने वाळू मारून गंज उडवायचा. जासईच्या झहूरभाईंच्या जुन्या जीपचे सगळे भाग माझ्याकडे आलेत. बहिणीच्या लग्नात त्यांना ती जीप काढायचीय. माझं पहिलं मोठं काम. हे जमलं की अर्धवट शिकलेला म्हणून हसणाऱ्यांची तोंडं बंद. त्यात तेजश्रीचे पप्पा पहिले.

ओढणी मात्र मनाला लागली. खिडकी पॅक केली, पंख्याच्या भोकात गोणपाट कोंबलं, दाराच्या कडांना रबर लावलं. आता वर कणही जात नाही. तिचा रागही उतरला. नाकाला बांधायला तिने स्वतःचा रुमाल दिलाय! पण पेटीच्या फटींतून धूळ येतेच. तुम्ही तुर्भ्याच्या कारखान्यात आयुष्यभर हेच केलंत, तिथे फटी कशाने बुजवायचे? फोनवर तुम्ही नुसते हं हं करता, म्हणून पत्र.

मामींना नमस्कार. ओरडलात तरी माया तेवढीच ठेवा.

तुमचा,
इंद्रजित

•

कोरेगाव,
१५ जानेवारी २०२५

चि. इंद्रजितास अ. उ. आ.

आधी पेटी बंद कर, मग पुढचं वाच.

फोनवर मी हं हं करतो, कारण वाक्य संपेपर्यंत श्वास पुरत नाही. तुझ्या आईला वाटतं वय झालं. वय नाही लेका, वाळू. ती लोखंडावर आपटली की तिचं पीठ होतं. बोटाला लागतं ते जाड. बारीक असतं ते दिसतच नाही, आणि तेच छातीत जाऊन बसतं.

तू पोरीची ओढणी वाचवलीस आणि स्वतःला धुळीसकट कोंडून घेतलंस. नोझल पेटीत हवा कोंबतं, ती बाहेर येणारच. एक फट बुजवलीस की दुसरी शोधेल. फटी बुजवून भागत नाही, पेटीतली हवा ओढून घ्यावी लागते. त्यासाठी मागे ओढणारं यंत्र हवं, बारीक गाळणीचं, आणि त्याचं तोंड खोलीत नको.

परीक्षा सोपी आहे. काम चालू असताना देव्हाऱ्यातली अगरबत्ती पेटीच्या फटीशी धर. धूर आत गेला तर काम कर. बाहेर आला तर तूही बाहेर ये.

ती वाळू ओली करून काढून टाक, तिच्याऐवजी गार्नेटचा लाल दाणा घे. झाडू नको, ओलं फडकं फिरव. आणि कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकत असशील तर तुझी पाठ शेकायला मी येईन, वाटेत दहा ठिकाणी बसावं लागलं तरी.

रुमाल खिशात ठेव. प्रेमाला तो पुरेल, नाकाला पुरणार नाही.

मामी विचारते मुलगी कशी आहे. आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
हौसेमामा

•

कोपरखैरणे,
२२ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रागवा, पण तुम्ही मला लहान पोरासारखं घाबरवताय. घरातले सगळे तेच करतात. निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, कॉलेज सोडलं तेव्हा तुम्हीच एकटे माझ्या बाजूने बोलला होतात.

आईचा व्हॅक्यूम क्लीनर पेटीला जोडला. झालं ना ओढणारं यंत्र? काचेतून आता लख्ख दिसतं. व्हॅक्यूमच्या मागून थोडं पीठ उडतं, त्याचं काय टेन्शन घ्यायचं! वाळू मात्र जीप संपेपर्यंत तीच, झहूरभाईंचा रोज फोन असतो. आणि अगरबत्ती मला सांगू नका. मी मेकॅनिक आहे, पुजारी नाही.

खरी बातमी ही की तेजश्री आता रोज खाली येते. मी काम करतो, ती स्टुलावर बसून तिच्या ऑफिसातल्या नकला करते. धूळ वर जायला नको म्हणून दार लावूनच घेतो. काम संपलं की हवा मारून कपडे झटकतो (हो, झटकतो!) आणि ती म्हणते की गिरणीवाला दिसतोस. मामा, ती असली की हाताला थकवा कळत नाही. तिला जरा खोकला आहे, थंडीचा. आलं घालून चहा पाजतो.

मामींना सांगा, मुलगी तिखट आहे. भांडलो तरी भाचा तुमचाच.

इंद्रजित

•

कोरेगाव,
२७ जानेवारी २०२५

चि. इंद्रजितास अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होतो. खोकल्याची ओळ आली तशी तुझी मामी भाजी निवडायची थांबली.

तुझ्या मामीने, पुतळाने, कधी कारखान्याचं फाटक ओलांडलं नाही. मी कामावरून आलो की ती माझे कपडे दारात झटकायची, मग धुवायची. तिचा संबंध एवढाच. आता देवळाच्या पायऱ्या चढताना आम्ही आळीपाळीने थांबतो. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो बघून विचारलं की बाई कुठल्या कारखान्यात होत्या.

रागवायला श्वास नाही, इंद्या. अगरबत्ती लाव. ती पोर बाहेर असताना लाव.

आशीर्वाद आहेतच.

हौसेमामा

•

कोपरखैरणे,
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामा व मामींस,
शि. सा. न. वि. वि.

लावली.

पेटीच्या फटीशी धरली, धूर सरळ माझ्या तोंडावर आला. व्हॅक्यूमच्या मागे धरली तर उधळूनच गेला. तरी मला वाटलं, तुम्हाला चूक ठरवायला काहीतरी सापडेल. मग तेजश्रीचं स्टूल दिसलं. ती बसते तेवढी जागा स्वच्छ. बाकी सगळं पांढरं.

झहूरभाईंना सांगितलं की भाग घेऊन जा, माझ्याच्याने होणार नाही. ते खूप बोलले. मी उलट बोललो नाही. माझ्याबाबतीत हे पहिल्यांदाच घडलं असेल. वाळू ओली करून गोण्यांत भरली. आईला तुमच्या श्वासाचं सांगितलं, ती रात्रीच्या गाडीने निघतेय.

तेजश्रीला म्हणालो की डॉक्टरकडे जा आणि इथे पुन्हा येऊ नकोस. तिला वाटलं मी तिला हाकलतोय. डोळ्यांत पाणी आणून रुमाल परत मागितला. दिला नाही. तो बादलीत भिजतोय. मला नीट सांगता येत नाही मामा, भांडताच येतं.

पुसून घेतलेल्या बाकावर बसून लिहितोय. मामींचा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. जिन्यावर तिची चप्पल वाजतेय. भांडायलाच येत असणार. खोकलाही ऐकू येतोय. ती खालच्या पायरीवर पोचायच्या आत उठतो. तुमचं दुसरं पत्र तिच्या हातात देईन, मामींचं लिहिलंय ते. मग ती काय म्हणायचं ते म्हणू दे. पण बोलणं बाहेर, उघड्यावर. मी निघालो, दार लावून घेतोय.