उताणा दगड

९ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. गाडी वाळूच्या टेकडीपाशी थांबली, पुढे गोलवेनने माझी पेटी खांद्यावर घेतली. घर दोन खोल्यांचं, चुना नुकताच मारलेला, खिडकीत नुसता समुद्र. माहेरी खिडकीतून गाईचं तोंड दिसायचं, तेव्हा ही बढतीच म्हणायची. गोलवेन स्वतःच्याच दारावर थाप मारून आत येतो: दोन थापा, थोडा दम, मग एक. शेजारची सोआझिग आजी म्हणाली, स्वतःच्या घरात परवानगी मागणारा नवरा पहिल्यांदाच पाहते बाई, जप हो त्याला.

१२ फेब्रुवारी

‘स्टेरेन’ आज निघाली. बोटीवर सहा माणसं, परत यायला सहा आठवडे. जाताना गोलवेनने ही वही दिली. ओहोटीच्या वेळा लिही, आतल्या गावच्या बायका समुद्राला तळं समजतात, म्हणाला. मी म्हटलं, तू ये परत, मग दाखवते तळं. वळून पाहिलं नाही, कारण इथल्या बायका पाहत नाहीत. पण रडू आलंच.

१४ फेब्रुवारी

ओहोटीला आजीबरोबर किनाऱ्यावर लांबवर चालले. वारा असा की बोलायचं तर ओरडूनच. भरतीने टाकलेलं शेवाळ ढिगाढिगाने पडलेलं, पुढे कडक वाळू, त्याहून पुढे काळे खडक. आजीने एकच नियम सांगितला, तोही तीनदा. शिंपल्यासाठी दगड उचललास की होता तसाच परत पालथा घालायचा. त्याच्या पोटाखाली काय राहतं ते आपलं नाही. मी मान डोलावली. लग्नात सासूबाईंनी असाच पावाचा नियम सांगितला होता: टेबलावर पाव पालथा, तर पाण्यात बोट पालथी. इथे सगळ्यांना उलटण्याचीच भीती.

२० फेब्रुवारी

आज उधाणाची मोठी ओहोटी. आजीचे गुडघे धरले होते, म्हणून एकटीच गेले. समुद्र इतका मागे हटला की महिनाभर न दिसणारे खडक उघडे पडले. अगदी शेवटच्या रांगेत दुभंगलेल्या सुळक्यापाशी एक मोठा दगड होता. पहार घालून उलटवला. खाली हाताच्या पंजाएवढा ओर्मो, शिंपल्यांतला राजाच. तो सोडवेपर्यंत पाणी वळलं आणि मी पळत सुटले.

लोण्यात परतून आजीला अर्धा दिला. दगड परत घातलास ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं. एका दगडाचं काय एवढं.

२३ फेब्रुवारी

सकाळी पाव टेबलावर पालथा पडला होता. मीच ठेवला असणार. सरळ केला.

२८ फेब्रुवारी

पाव रोज पालथा. आज कपही पालथे, आणि गोलवेनचं स्टूल पाय वर करून. दाराला कडी आतून होती.

दुपारी किनाऱ्यावर गेले. पाण्याच्या कडेपासून आमच्या टेकडीपर्यंत एका ओळीत दगड उताणे पडले आहेत. ओली, शेवाळी पोटं वर. माणसाच्या पावलाचा ठसा एकही नाही. मी हाताला लागतील तेवढे पालथे घातले. मागे वळून पाहिलं तर पुन्हा उताणे.

४ मार्च

आजीला खरं सांगितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ज्याने उलटवला त्यानेच सरळ करायचा, दुसऱ्याचा हात चालत नाही, एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

७ मार्च

पौर्णिमा झाली, ओहोटी आली, पण लहान. सुळका दिसतो, दगड पाण्याखाली. छातीपर्यंत आत गेले. लाटेने फेकून दिलं. पुढची मोठी ओहोटी एकवीस तारखेला.

तोवर बोट पाण्यावर आहे.

१५ मार्च

‘स्टेरेन’ रेडिओवर उत्तर देत नाही, दोन दिवस झाले. धक्क्यावर सगळ्या बायका उभ्या. बोटीवरच्या फांशची बायको बाळ घेऊन आली होती. फांशने ते अजून पाहिलेलं नाही. तिने मला विचारलं, तुझा पाव तर सरळ आहे ना गं? मी हो म्हटलं. पुन्हा हो.

पाव आता मांडीवर घेऊन बसते. डोळा लागला की पालथा.

२० मार्च

आजी स्वतःहून आली. चाळीस वर्षांपूर्वी तिनेही असाच एक दगड उताणा सोडला होता. पुढच्या उधाणाला जाऊन सरळ केला. तेव्हा दगडाखालून तिच्या नवऱ्याचा, जाकेझचा खोकला आला. ती वळली नाही, घरी आली. बोट परत आली, पाच माणसं घेऊन. जाकेझ नव्हता. तो खरंच खाली होता का, ते तिला आजही ठाऊक नाही.

काही ऐकू आलं तर थांबू नकोस, पोरी, म्हणाली. मग म्हणाली, काय करावंस ते मी कोण सांगणार.

२१ मार्च

दगडापाशी. वही सोबतच — लिहिलं की धीर राहतो.

पहार घातली. हलत नाही.

हलत नाही —

उलटला. आपल्या खाचेत बसला. झालं. देवा, झालं.

वळले. चार पावलं.

थाप. दोन. दम. एक.

नाही. तो नाही. तो बोटीवर —

पाणी घोट्याला. पुन्हा दोन. दम. एक. आता मधला दम लांबलाय. थकलाय तो.

उचलला तर बोट पुन्हा — पाच जण — फांशचं बाळ —

टेकडीवर आजी. हात हलवते. ये म्हणते की नको म्हणते, कळत नाही.

दोन. दम.

दम.

गोलवेन, एक थाप राहिली.

गुडघ्याला पाणी. पहार घातली. मघाशी हलत नव्हता, आता कसा हलका — आतून कुणीतरी ढकल