दिवसा ओढलेला पडदा

हार्लिंगेन,
मंगळवार, १२ मार्च

प्रिय मिंकेताईस,

उताणा नमस्कार. साष्टांग घालायला वाकावं लागतं, आणि वाकणं, उचलणं, अंग पिळणं ही तिन्ही कर्मं डॉक्टरांनी मला निषिद्ध ठरवली आहेत. पत्र शिसपेन्सिलीने लिहिलंय म्हणून नाक मुरडू नकोस. उताण्या माणसाच्या पेनातली शाई वर चढत नाही, हा शोध मला सत्तावन्नाव्या वर्षी लागला.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या क्रॅनबेरीच्या मुरंब्याची दुसरी बरणी उघडली. तुझ्या बेटावर वारा कसा आहे? इथे रात्रभर खिडक्या खडखडतात आणि सकाळी बोटी उशिरा सुटतात, एवढंच आमचं वर्तमान.

पलंग पुढच्या खोलीत आणून लाकडी ठोकळ्यांवर चढवला आहे. त्यामुळे मी बरोबर खिडकीच्या उंचीला आलोय, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण मला दुकानातल्या मालासारखं निरखून जातो. लोक हात करतात, मीही करतो. संध्याकाळपर्यंत दंड भरून येतो. पाठीचं म्हणशील तर मणक्यांत स्क्रू आहेत, मला वाटतात त्यापेक्षा कमी आणि डॉक्टर म्हणतात त्यापेक्षा जास्त. माझ्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलो की पाठीच्या कण्याला मेरुदंड म्हणतात, मेरू म्हणजे जगाचा मधला पर्वत. आपल्या या सपाट देशात एकच पर्वत होता, तो माझ्या पाठीत, आणि तोही खचला.

माणसं फार चांगली आहेत गं. इतकी चांगली की दमायला होतं. शेजारचे लोक माझे कचऱ्याचे डबे आपसांत वार ठरवून बाहेर काढतात, हिरवा कोणाकडे, करडा कोणाकडे. समोरच्या वीर्स्माबाई वाटाण्याचं सूप आणतात, ज्यात चमचा उभा राहतो आणि नंतर काढता येत नाही. त्यांच्याकडे किल्ली आहे, तूच कधीतरी दिलेली, त्यामुळे बेल वाजवण्याचा प्रश्न त्यांना पडत नाही. प्रत्येक जण विचारतो, "कसं वाटतंय?" आणि उत्तर 'छान' हवं असतं, कारण त्याच्या हातात पातेलं असतं आणि त्याला घरी जायचं असतं. मी म्हणतो, छान. मग दार बंद होतं आणि मी छताकडे बघत पडतो. आजाराने इतकं थकायला होत नाही, बरं होत असल्याचं दाखवताना होतं.

असो. तू रविवारी पहिल्या बोटीने येतेस म्हणालीस. सहा वर्षांनी तू हार्लिंगेनच्या धक्क्यावर पाय ठेवणार. एरवी मीच तुझ्याकडे यायचो आणि तू म्हणायचीस, "त्या गावात माझं काय राहिलंय?" मी म्हणायचो, "मी." तू म्हणायचीस, "तू तर इथेच आलायस की." तुझ्याशी वाद घालताना मला नेहमी वाटतं, न्यायशास्त्र तू शिकायला हवं होतंस.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "तुझे ते घट्ट मोजे कोण चढवतं?" मी म्हणालो, "कचेरीतून येतं कोणीतरी." हे वाक्य निर्दोष आहे. त्यात एकही खोटा शब्द नाही. आणि मी ते म्हटल्यापासून मला जेवण जात नाही.

मोज्यांचं तुला सांगतो. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते सकाळी चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. ते इतके घट्ट असतात की धडधाकट माणसालाही स्वतःचे चढवताना देव आठवावा. मला तर पायापर्यंत हातच पोचवायचा नाही. म्हणून सकाळी मी पलंगाच्या कडेला पाय सोडून, अनवाणी, बेलची वाट बघत बसतो. जास्त वेळ बसायचंही नाही, असाही नियम आहे. सुरुवातीला घरोघर परिचारिका पाठवणाऱ्या त्या कचेरीतून एक उंच बाई यायच्या, कामाला चोख, बोलायच्या हवामानाबद्दल. त्यांची बदली झाली. मग एका सोमवारी बेल वाजली, मी "या" म्हणालो, आणि दार अर्धवट उघडून बाहेरच थांबलेली होती रेन्स्के.

हो, तीच. लिहिलं एकदाचं. आता पत्र फाडायचं असेल तर थोडं थांब, मी पुष्कळ वेळ घालवलाय त्याच्यावर.

ती म्हणाली, "मी आहे. नाव बघितल्याबरोबर मी कचेरीत सांगितलं होतं, तिथे मला पाठवू नका म्हणून. आज दुसरं कोणी नव्हतं. तुम्हाला नको असेन तर सांगा, मी फोन करते. पण दुपारच्या आत कोणी येणार नाही."

ताई, मला माझा शब्द आठवत होता. तू सामान बांधत होतीस, हार्मेनच्या शिडांच्या दुकानाची किल्ली टेबलावर ठेवलेली होती, आणि तू म्हणालीस, "त्या बाईचं पाऊल तुझ्या घरात पडलं, तर माझं पडणार नाही." मी म्हणालो होतो, "नाही पडणार." अगदी हे सगळं आठवत असताना माझी पाठ जळत होती, पाय गार पडले होते, आणि उघड्या दारातून बंदराचा वारा थेट माझ्या नडग्यांवर येत होता.

मी म्हणालो, "आत या. वारा येतोय."

तुझा नवरा हार्मेन जिने नेला तिला मी या चार शब्दांवर उंबऱ्याच्या आत घेतलं. नंतर मी पुष्कळ कारणं शोधली, क्षमा, औदार्य वगैरे. एकही खरं नाही. थकलेल्या माणसाला तत्त्वं नसतात, पाय असतात.

तो एक दिवस तुला सांगता आला असता. अडचण पुढची आहे. कचेरीतून फोन आला, "उद्यापासून दुसरी व्यवस्था करायची का?" आणि मी म्हणालो, "राहू द्या." का म्हणालो? कारण तिने मला एकदाही विचारलं नव्हतं की छान वाटतंय ना. ती आत आली, गुडघ्यांवर बसली, मोजा ओढताना घामाघूम झाली आणि म्हणाली, "तुमचे पाय म्हणजे बर्फातले मासे आहेत." मी म्हणालो, "आणि तुम्ही ते खवलं काढल्यासारखे घासताय." त्यावर ती हसली आणि मीही हसलो. हसलो की टाके दुखतात, तरी हसलो. आता आम्ही अरे-तुरेवर आलो आहोत. हे मी सांगितलं नसतं तर तुला दुसऱ्याकडून कळलं असतं, म्हणून सांगतो.

दुसरं कोणी म्हणजे अर्थातच वीर्स्माबाई. आता त्यांचं ऐक, यात थोडं हसण्यासारखं आहे.

रेन्स्के सकाळी येते तेव्हा वीर्स्माबाई माळ्यावर गाद्या वाळत घालत असतात, म्हणून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. परवा त्यांची वेळ बदलली आणि त्या समोर खिडकी पुसत उभ्या. मी रेन्स्केला म्हणालो, "जरा पडदा ओढतेस?"

"दिवसा?"

"वीर्स्माबाई."

"बरं," म्हणाली आणि ओढला. तिला लपवाछपवीचा सराव आहे, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो.

आपल्या गल्लीत दिवसा पडदा ओढला की काय समजतात ते तुला सांगायला नको. बाबा गेले तेव्हा तूच ओढला होतास. पण माझ्या लक्षात आलं नाही. जन्म या गल्लीत काढून लक्षात आलं नाही, याला पांडित्य म्हणतात. एक मोजा चढतोय तोवर दारात किल्ली फिरली आणि वीर्स्माबाई ओल्या हातांनी, एप्रनने डोळे पुसत आत. मी जिवंत. माझा पाय रेन्स्केच्या मांडीवर.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "मिंकेला कसं सांगू, हाच विचार करत रस्ता ओलांडला मी!"

मी म्हणालो, "मग आता काय सांगाल?"

"आता तर जास्तच अवघड झालं!"

तोवर पलीकडच्या दोन घरांनी एकमेकांचं सांत्वनही करून टाकलं होतं. एकाने चर्चमध्ये फोन केला होता. मला खिडकीतून हात करून आपण जिवंत असल्याची खात्री पटवावी लागली. मग वीर्स्माबाई खुर्चीवर बसल्या, रेन्स्केकडे न बघता मला म्हणाल्या, "सित्से, रविवारी ती येतेय. तिच्या तोंडावर मी खोटं बोलणार नाही, माझं ते वय गेलं. तू सांग, नाहीतर मी सांगते." जाताना दारातून रेन्स्केला म्हणाल्या, "आणि बये, त्याच्या टाचेची शिवण वाकडी बसलीय." रेन्स्केने मुकाट्याने मोजा उतरवला आणि परत चढवला. पडदाही तिनेच उघडला.

तर वीर्स्माबाईंच्या धाकाने हे पत्र. पण त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे, आणि खरं म्हणजे तीच लिहायची होती.

माझा डावा पाय छान नाही. घोट्याखाली त्याला काही कळत नाही. शस्त्रक्रियेआधीही कळत नव्हतं, पण कळेल अशी आशा होती. मागच्या आठवड्यात संध्याकाळी रेन्स्के मोजे उतरवत होती, तर आतून तिच्याच केसांतली पिन निघाली. सकाळी पडली असणार. दिवसभर ती माझ्या टाचेखाली होती, रक्त येऊन वाळलंही होतं, आणि मी मजेत मुरंबा खात पडलो होतो. रेन्स्के आधी माफी मागत होती, मग एकदम थांबली आणि म्हणाली, "तुला टोचलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

"अजिबात?"

"कोणाला सांगू नकोस."

तिने टाच धुऊन पट्टी लावली, जमिनीवरच बसून राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरांना मी सांगणार. बाकी कोणाला नाही." तसंच केलं तिने. डॉक्टरांचं म्हणणं असं की ती शीर फार दिवस चेपलेली होती, येईल कदाचित, वर्षभर वाट पाहा. त्यांच्या 'कदाचित'चा सूर मी ओळखतो. मीही परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यांना त्याच सुरात सांगतो.

म्हणजे काठी राहणार. मोजेही बरेच दिवस राहणार. आणि बोटीच्या फळीवरून चालायचं तर पाय कुठे पडतोय ते पायाला कळावं लागतं, लाटेवर तर जास्तच. तू तिकडे आणि मी येणार-जाणार, ही आपली सहा वर्षांची सोय संपली, ताई. यापुढे भेट व्हायची तर तुलाच यावं लागेल. हे मी फोनवर सांगितलं नाही, कारण तू लगेच "येते" म्हणाली असतीस, आणि घरात कोण येतं ते न कळता म्हणाली असतीस. असला होकार मला नको होता.

शास्त्रकारांनी आप्ताची लक्षणं सांगितली आहेत, दुष्काळात टिकतो तो, दरबारात टिकतो तो, स्मशानापर्यंत येतो तो. मोजे चढवतो त्याच्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ते लोक अनवाणी हिंडायचे. त्यामुळे रेन्स्के माझी कोण, हे मला सांगता येत नाही. तू कोण, ते येतं. तिने तुझं जे केलं ते मी विसरलेलो नाही, आणि तिच्याशी हसताना तुझ्या पंगतीतून उठून गेल्यासारखं वाटतं, तेही खरं. पण मी तिला येऊ नको म्हणणार नाही. काल ती स्वतःच म्हणाली, "रविवारी मी बदली घेते, म्हणजे तुझी बहीण निवांत येईल." क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग म्हणालो, "नको. रोजच्यासारखी ये." पुन्हा पडदा ओढायची माझ्यात ताकद नाही.

तेव्हा रविवारी सकाळी ती असेल. तू धक्क्यावरून चालत येशील तोवर बहुतेक गेलेली असेल, पण वाऱ्यामुळे काही उशिरा तर काही लवकर होतं, आणि मी ते जुळवायला जाणार नाही. पडदा पूर्ण उघडा असेल. समोरच्या फुटपाथवरून तुला सगळं दिसेल. दिसलं की आत यायचं की वळून बोटीकडे जायचं, ते तू ठरव. वीर्स्माबाईंकडे कॉफी तयार असेल, दोन्ही बाबतींत.

पेन्सिल संपत आली, हातही भरून आलाय. बोट लागताना भोंगा देते, तो इथे पलंगावर ऐकू येतो. भोंगा झाला की मी खिडकीकडच्या कुशीवर वळून घेईन. ओंडक्यासारखं, सगळं अंग एकदम, जसं शिकवलंय तसं. त्याला फार श्रम पडतात. एकदा त्या बाजूला वळलो की कोणीतरी येऊन परत वळवेपर्यंत मी तसाच असतो.

तुझा,
रस्त्याकडे तोंड करून,
सित्से