वय वर्षे दोनशे चौदा

नांदुरा
रविवार, दुपारचे दोन (रिकामे)

तीर्थरूप आत्या,

नांदुऱ्याहून करिष्मानं तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आहे. (तेच डोकं, जे फिरलं आहे असं तू फोनवर बाबांना म्हणालीस. फोन स्पीकरवर होता.) तुझा गुडघा कसा आहे? त्या नव्या तेलानं तुला फरक पडला, की फक्त तेलवाल्याला? हरभरा घरात आला असेल, म्हैस अजून मारते का, तेही कळव. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि आई बोलते, पण बहुतेक भांड्यांमार्फत. तुला फोनच केला असता, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. पत्राला मधेच थांबवता येत नाही, म्हणून पत्र.

मुद्दा एकच आहे. तू बाबांना सांगितलंस, "खेळ बंद कर अन् ते फासे विहिरीत टाक." बाबांनी तुझा शब्द आजवर मोडलेला नाही. आजी गेल्यावर तूच त्यांना वाढवलंस, त्यामुळे पन्नाशी उलटली तरी तुझा फोन आला की ते उभे राहून बोलतात. आपल्या घरी विहीर नाही, म्हणून फासे सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून गव्हाच्या कोठीवर ठेवले आहेत, आणि माझा रविवार त्यांच्याबरोबर गुंडाळला गेला आहे. पंधरा दिवस मी आईबाबांची समजूत काढत बसले. मग लक्षात आलं की हे खालचं कोर्ट आहे, निकाल तुझ्याकडे, दुसरबीडला लागतो.

आता खेळ काय आहे ते सांगते, शांतपणे वाच. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. सांगणारी म्हणते, समोर नदी आहे, पूल तुटला आहे, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. फासा आवळ्याएवढा, वीस बाजूंचा. पैसे लागत नाहीत आणि शेवटी कोणी जिंकत नाही. (बाबांना सगळ्यात जास्त संशय ह्याचाच आहे. कोणीच जिंकत नाही तर तीन तास बसता काऊन, असं ते विचारतात, आणि ह्याचं नीट उत्तर मला अजून देता आलेलं नाही.) तू आम्हाला भुलाबाई मांडून द्यायचीस ते आठव. मातीच्या बाहुलीला महिनाभर माहेरी आलेली लेक समजायचो, तिच्यासाठी गाणी म्हणायचो, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचो, आणि पाठवणीच्या दिवशी तू स्वतः डोळ्यांना पदर लावायचीस. तेव्हा कोणाचं डोकं फिरलं असं कोणी म्हटलं नव्हतं. हे तसंच आहे. फक्त बाहुली आपण स्वतः असतो आणि नियमांचं पुस्तक जाड आहे.

खेळतो आम्ही तिघंच. गोष्ट सांगते ती आलिमा, माझ्या कॉलेजपासूनची मैत्रीण, तिला तू ओळखतेस, तिनंच तुझं पॅनकार्ड दुरुस्त करून दिलं होतं. दुसरा प्रसेनजित. तो सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देतो आहे, आणि घरीदारी त्याला 'यंदा काय झालं' ह्याशिवाय काही विचारलं जात नाही, त्यामुळे तो बोलणंच विसरत चालला होता. आमच्या खेळात तो पुजारी आहे आणि जखमी माणसाशी असा काही बोलतो की आलिमाला आणि मला ऐकत राहावंसं वाटतं. खेळायची जागा म्हणजे आलिमाच्या वडिलांचं, फकीरचाचांचं, झेरॉक्सचं दुकान. चाचा स्वतः तिथं बाइंडिंग करत बसलेले असतात, शटर पूर्ण वर असतं. (आमच्या टोळीनं एकदा गुहेत म्हाताऱ्या चेटकिणीला एकटीला सोडून पळ काढला, तेव्हा चाचांनी सुईदोरा खाली ठेवून आम्हाला पाच मिनिटं झापलं. इतकं बिघडलेलं वातावरण आहे.)

आता त्या कागदाचं सांगते, ज्यानं दुसरबीडात तुझी मान खाली गेली. ह्या खेळात प्रत्येक पात्राचा एक तक्ता लागतो : नाव, वय, उंची, काय येतं, काय येत नाही. आलिमाच्या कॉम्प्युटरवर चौकटी आखलेला सुंदर तक्ता एकच होता, लग्नाच्या बायोडाट्याचा. अर्ध्या नांदुऱ्याची लग्नं त्याच तक्त्यावर जमली आहेत. तिनं माझा खराच बायोडाटा उघडला, त्याची नक्कल केली आणि त्यातच माझं पात्र भरलं. मथळ्यावरचे गणपती निघेनात, तळाचं 'पत्रिका जुळणे आवश्यक' निघेना, माझा फोटो आणि बाबांचा नंबरही राहिला. मधे मात्र असं होतं : नाव वज्रा. वय वर्षे दोनशे चौदा. उंची चार फूट. शिक्षण दुहाती कुऱ्हाड. व्यवसाय भाड्यानं लढाया. स्थावर मालमत्ता एक बोगदा, सामाईक. विवाह तीन, तिन्ही पती रणांगणावर पडले.

तू ते स्थळ आणलंस, बाबांना फोन केलास, आणि बाबा त्याच संध्याकाळी दहा प्रती घ्यायला दुकानात गेले. आलिमा नव्हती. चाचांनी चष्मा कपाळावर ठेवून माझा फोटो असलेला कागद छापला. बाबा तीस वर्षं बाजार समितीत मापाडी आहेत, काटा तीनदा बघितल्याशिवाय वजन बोलत नाहीत, पण मुलीचा कागद त्यांनी एकदाही बघितला नाही. पाकिटात घातला आणि तुझ्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती दिला. तूही चष्मा नसल्यानं न वाचता तसाच पुढे दिलास. (हे मी दोष म्हणून लिहीत नाही. घडलं त्या क्रमानं लिहिते आहे.)

मुलाच्या मोठ्या काकांनी तो घरात सगळ्यांसमोर वाचला आणि बाबांना फोन लावला. माणूस सभ्य. आधी एवढंच विचारलं की कागदावर लिहिलेलं सगळं खरं आहे ना. बाबा छाती काढून म्हणाले, "एकेक अक्षर म्या सोता तपासलं हाय. आमच्या पोरीचं लपवाछपवीचं काम नाही." काका म्हणाले, वय टायपिंगची चूक समजू, उंचीचंही बघू, पण तीन जावई रणांगणावर पडले ते कोणत्या. पुढचं तुला माहीत आहे, कारण अर्ध्या तासात ते तुझ्या ओट्यावर आले. त्या दिवशी तुला जे ऐकावं लागलं त्याचं मला खरंच वाईट वाटतं, आत्या. ह्या पत्रात बाकी मी थोडी आगाऊपणे बोलले असेन, हे मात्र मनापासून लिहिते आहे.

घरी माझ्यावर तीन कलमं लागली. पहिलं जुगार. दुसरं भुताखेतांचा नाद, कारण आईला माझ्या खेळाच्या वहीत 'प्रेताशी बोलणे, दिवसातून एकदा' असं सापडलं. तिसरं, तेवीस वर्षांच्या पोरीनं खोटंखोटं खेळत बसणं. मी ठरवलं की सांगून पटत नाही तर खेळवून पटवावं. गेल्या बुधवारी दुपारी आईला ओट्यावर बसवलं. बाबा बाजेवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते, म्हणजे ऐकत होते. फासे कोठीवर, म्हणून चिंचोके फोडून घेतले. आईला कोरा तक्ता दिला आणि पात्राचं नाव काय ठेवतेस असं विचारलं. ती म्हणाली, "आशा चालत नाही का?" म्हटलं, स्वतःचं नावही चालतं. वयाच्या चौकटीत तिनं एकोणीस लिहिलं.

मग मी गोष्ट लावली. म्हटलं, समोर लोखंडी दार आहे, आतून गुरगुरणं ऐकू येतं, काय करतेस? आई म्हणाली, कडी वाजवीन. मी दार उघडलं, आत राक्षस. म्हटलं, आता? आई म्हणाली, दमलेला असंल, पहिले पाणी देईन. चिंचोके टाकले, राक्षसानं पाणी घेतलं. मग आईनं त्याचं गाव विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं, इतक्या मोठ्या घरात एकटा काऊन राह्यतो विचारलं. मला उत्तरं तयार करता करता घाम फुटला. पाऊण तासात राक्षसाला एक बहीण, एक मोडलेलं लग्न आणि वाटण्यांचं भांडण निघालं, आणि त्यानं स्वतःहून खजिन्याची किल्ली काढून आईला दिली. प्रसेनजितनं आणि मी त्याच राक्षसाशी चार रविवार लढून दोन पात्रं गमावली होती. बाजेवरून बाबा म्हणाले, "किल्ली घेऊ नको, चोरीची असंल." म्हणजे ते झोपले नव्हते, आणि गोष्टीत होते.

इथपर्यंत मी जिंकले होते. मग तक्त्यातली शेवटची चौकट भरायची राहिली होती, ती मी आईपुढे केली. लग्नाच्या प्रत्येक बायोडाट्यात तळाला असते ना, 'अपेक्षा', तीच. म्हटलं, तुझ्या पात्राला काय हवं आहे ते लिही. आईनं पेन्सिल हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली, आणि दूध बघते म्हणून आत गेली. दूध नव्हतंच गॅसवर.

तेव्हापासून मी विचार करते आहे, आत्या. माझ्या खऱ्या बायोडाट्यात माझी अपेक्षा बाबांनी लिहिली होती : निर्व्यसनी, कायम नोकरी, घरची शेती. वाईट काही नाही त्यात. पण मला कोणी विचारलं नव्हतं. वज्राच्या कागदावर ती चौकट पुसता येईना म्हणून मी त्यात लिहिलं होतं, 'ज्याच्यासोबत चालताना सारखं मागं वळून पाहावं लागू नये.' लिहून झाल्यावर कळलं की हे वज्राचं नाही, माझं आहे. आपल्या नावानं जे बोलता येत नाही ते दुसऱ्याच्या नावानं तोंडातून निघून जातं, एवढंच ह्या खेळात होतं. बाबांना द्यायचं उत्तर बहुतेक हेच असावं, पण त्यांच्यासमोर ते मला बोलता येणार नाही. मी तेवीस वर्षं आईच्या हातचं जेवते आणि तिला काय हवं हे विचारायला मला चिंचोके लागले. ह्याची मला लाज वाटते.

असो. फार लिहिलं. गुडघ्याला जप, म्हशीच्या मागून जाऊ नको.

तुझी, डोकं बऱ्यापैकी जागेवर असलेली,
करिष्मा

ता. क. : तू बाबांना एवढंच सांग की रविवारी दोन ते पाच पोरीला जाऊ दे. नवीन बायोडाटा मी हातानं लिहून पाठवते. त्यातलं वय बरोबर असेल.

दुसरा ता. क. : वरचं राहिलं तरी चालेल, रविवारचं मी बघून घेईन. खरं काम हे आहे. परवा आईचा तक्ता मला पोळ्यांच्या डब्याखाली सापडला. शेवटच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं आहे, 'रेल्वेनं जायचं. एकटीनं. भुसावळच्या पुढं.' आपलं घर रुळांना लागून. तिला आवाजावरून गाडी कळते, उशीर किती झाला तेही कळतं, आणि ती रेल्वेनं शेगावपलीकडे किंवा भुसावळपलीकडे कधी गेली नाही, एकटी तर शेजारच्या जलंबलाही नाही. कोणाचं तरी बोलावणं आल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, आणि बाबा नाही म्हणणार नाहीत असं बोलावणं फक्त तुझं असतं. तर तू बाबांना फोन कर आणि म्हण, कुरडया घालायच्या आहेत, गुडघ्यानं बसवत नाही, आशाला चार दिवस पाठव. बाबा तिला सकाळी खामगाव-मेहकरच्या बसचे पैसे देतील. ती स्टेशनवर जाईल. मनमाडला गाडी बदलून जालना, आणि तिथून बसनं तुझ्याकडे. पाच तासांचा रस्ता आहे, ती बारा तासांनी पोचेल. पण पोचेल तुझ्याच दारात, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही. दुपारी बाबांचा फोन आला तर सांग की आशा मागच्या अंगणात आहे, हात कुरडयांच्या चिकानं भरले आहेत. तेवढं एक वाक्य तुला पात्र होऊन बोलायचं आहे, आत्या. फासा लागत नाही.

(खालचं अक्षर माझं नाही. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, ते उघडलेलं दिसलं.)

बाई, सप्रेम नमस्कार. पत्र वाचलं. पोरीनं माझ्याबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे, मनावर घेऊ नका. कुरडयांचा गहू भिजत घालून ठेवा, मी खरंच घालून देईन. फोन पुढच्या मंगळवारच्या आत केला तर बरं होईल. नाही जमला तर तुमच्यावर राग नाही. भुसावळच्या पुढचं तिकीट मी शुक्रवारीच काढून आणलं आहे, एकटी जाऊन.
आशा