तालीवरचा सहावा दगड

आत्याबाई, काल आपल्या रानात येळवस झाली. आंबील तुमच्यासारखी जमली नाही, पण माणसं पोटभर जेवली.

तुमची सून होऊन आले ते दुष्काळाचं साल. विहिरीत खडखडाट, जनावरांना काडी नाही, आणि तुम्ही उतारावरच्या बायका गोळा करून संस्था काढलेली. एकमेकींच्या रानाला दगडाच्या ताली घालायच्या, पाऊस येईल तेव्हा माती वाहून जायला नको. दुपारी टेकायला म्हणून मी तालीतला एक दगड उपसला. तुम्ही लांबून ओरडलात, "ठिव तिथंच! माती धरून बसलाय त्यो." भाकरी मी उभ्यानंच खाल्ली.

यंदा त्याच तालीवर प्लॉटिंगवाल्यानं मोजणीचा दगड रोवला, चुन्यानं पांढरा केलेला. शेजारून नवा रस्ता गेलाय, आणि धाकट्या भावजींनी रान द्यायचं जवळजवळ कबूल केलं होतं. मी नको म्हणून थकले. "वैनी, पोरं येणार हायत का पेरायला?" म्हणायचे.

माझी नवी सून नगरकडची; मार्गशीर्षातल्या अवसेला रानात कडब्याची कोप करून आत पाच पांडव पुजायची आपली येळवस तिनं पाहिलेली नाही. चुना लावलेले दगड म्हणजे आपले पांडव, त्यांना पुजून ये, एवढं सांगून मी आंबील ढवळत बसले. ही बाई कोप सोडून थेट तालीवर! हळदकुंकू, रोडग्याचा नैवेद्य, वरून आंबील शिंपडून मोकळी. तेवढ्यात प्लॉटिंगवाल्याकडचा पोरगा आला. "आवो ताई, त्यो मोजणीचा दगड हाय!" सून म्हणते, "मग चुना कशाला लावला?" सगळं रान हसलं.

"काढ अन् पलीकडं रोव," भावजी म्हणाले. पोरानं चप्पल काढली, वाकला, पण कुंकवाला हात लावंना. "तुमीच काढा, मालक." भावजी उठले, दगडाला हात घातला आणि तसेच राहिले. मग हळूच म्हणतात, "ऱ्हाऊ दे. माती धरून बसलाय त्यो." माझ्या हातातली पळी थांबली.

जेवणं झाली आणि कोपीपाशीच तुमच्या संस्थेची बैठक बसली; आता तिच्यात गडीमाणसंही आहेत. उतारावरचं रान कुणी प्लॉटिंगला द्यायचं नाही. ज्याच्या घरी माणूस नाही, त्याचं रान संस्था पेरणार. विकायचीच वेळ आली तर संस्थेतल्यालाच, तेही पिकवायला. भावजींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

कोपीत पाच पांडव, तालीवर हा सहावा. सून विचारत होती, "आई, हा कोण मग?" म्हटलं, तुझी आजेसासू.

हा कागद काही पोष्टात जायचा नाही, म्हणून सांगते. तुम्ही असताना तुम्हाला दगड म्हणायची माझी छाती नव्हती.