तिसरी हाक

आर्णी, २ एप्रिल २०२५

चि. शामास, अ. उ. आ.

फोनवर तू "बरं आहे ताई" म्हनतं अन् ठेवून देतं, म्हनून हे पत्र. तुह्या बायकोनंच, प्रेरणानं, सारं सांगतलं मले. जेवता जेवता उठून दाराकडे जातं म्हने, कोनी हाक मारली म्हनतं. काहून बाप्पा? या महिन्यात रिटायर होनार, साऱ्या कोर्टाचा न्यायाधीश तू! लहानपनी बोरं वाटताना न्याय तूच करे, अन् सगळ्यात मोठं बोर तुह्याच खिशात जाये. तवा नाही भेला, तर आता कायले भेतं?

ताईपासून लपवू नको.

तुही,
भागीरथाताई

पांढरकवडा, ७ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

बोराचं अजून विसरली नाहीस! पण ताई, खरंच भीती वाटते.

माझी पहिली नेमणूक याच कोर्टात होती. शहाण्णव साली विजयमाला नावाच्या बाईचा खावटीचा, पोटगीचा अर्ज होता. नवऱ्यानं तिला तान्ह्या लेकीसकट हाकललं होतं. शिपाई फकिरानं दारात उभं राहून तीनदा पुकारा केला. कोणी आलं नाही. वकीलही नव्हता. अर्जदार गैरहजर म्हणून मी अर्ज काढून टाकला.

संध्याकाळी कळलं, ती सकाळपासून समोरच्या लिंबाखाली बसून होती. विजयमाला हे लग्नात तांदळात लिहिलेलं सासरचं नाव. माहेरी ती मानी. सासरी नांदली जेमतेम वर्षभर, तिथंही तिला 'ए' म्हणूनच बोलावत. पुकारा तिनं तिन्ही वेळा ऐकला, आपला वाटलाच नाही. माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. मी म्हणालो, सही झाली बाई, नवा अर्ज करा. आणि घरी जेवायला गेलो. सही माझीच होती, त्याच दिवशी फिरवता आली असती.

पुन्हा ती आली नाही. आता शेवटच्या नेमणुकीला इथंच आलोय, लिंबही तिथंच आहे. घास घेतला की तो पुकारा ऐकू येतो. तिचं माहेर तुमच्या आर्णीजवळ, गावाचं नाव मागे लिहिलंय. ती सापडली तर मी पाया पडायला येईन.

लोभ आहेच, तो आता थोडा जास्त लागेल.

तुझा,
शाम

आर्णी, २१ एप्रिल

चि. शामास, अ. उ. आ.

जाऊन आली. मानी मागच्या दिवाळीत वारली रे. खोटं लिहावं असं लय वाटलं, पन तुले खोटी साक्ष चालत नाही.

तिची लेक सुरभी भेटली. तिनं चहा पाजला, तुह्यावर राग नाही केला. त्यानंच मले जास्त रडू आलं. कोर्टातून आली त्या दिवसापासून मानीनं साऱ्या घराले बजावलं, मले मानी म्हनू नका, विजयमालाच म्हना, पुढच्या वेळी चुकाले नको. नव्या अर्जाले वकील कुठून आनते बिचारी? पन कोर्टाचाच कागद येईन म्हनून वाट पाहे. शेवटच्या दुखन्यात डॉक्टरनं दवाखान्याचा कागद पाहून 'विजयमाला' असं नाव घेतलं, तर उठून बसली अन् "हाजिर आहे साहेब" म्हनली.

चुकलं तुह्यं, शाम. मोठी बहीन म्हनून मी झाकनार नाही. पन जेवत जाय बाप्पा.

तुही,
भागीरथाताई

पांढरकवडा, ३० एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आज शेवटचा दिवस झाला. हार झाले, भाषणं झाली. सगळे उठू लागले तेव्हा मी शिपायाला विजयमालाचं नाव लिहून दिलं आणि पुकारा करायला सांगितलं. फकिरा कधीच गेला, हा नवा मुलगा. बिचारा गोंधळला, पण दारात जाऊन त्यानं लिंबाकडे तोंड करून मोठ्यानं हाक दिली. एकदा. दोनदा.

तिसऱ्या हाकेला मी खुर्चीवरून उतरलो, जिथं ती हात जोडून उभी होती तिथं जाऊन हात जोडले आणि म्हणालो, हाजिर आहे.

हे पत्र तुला पोचलं की सुरभीकडे जायचंय. तू सोबत चल, ताई. एकट्यानं ते दार ओलांडवणार नाही.

तुझा,
शाम